कोलमनची सुट्टी

आयर्लंडमधल्या आमच्या गॉलवेत ड्रायव्हरला ‘थँक्यू’ म्हटल्याशिवाय कुणी बसमधून पाय खाली ठेवत नाही. माझा शेजारी कोलमन बावीस वर्षं बस चालवतोय आणि प्रत्येक थँक्यूला ‘जपून जा हं’ म्हणतोय. परवा सुट्टी काढून तो बायको ब्रीजबरोबर शहर बघायला निघाला.

“आज ड्रायव्हरकी केलीस, तर महिनाभर भांडी तुझी,” ब्रीजने बजावलं.

“बघच तू!”

आणि गडी खरंच शब्दाला जागला. बंदरावर कालवं खाल्ली, सॉल्टहिलच्या किनाऱ्याने चालत जाऊन टोकाच्या भिंतीला इथल्या रिवाजाप्रमाणे सगळे मारतात तशी लाथ मारली. एकाही वळणावर ‘इथे बस अडकते’ म्हणाला नाही.

पाय दुखायला लागले म्हणून परत येताना दोघं बसमध्ये चढली. मी त्यांच्या मागच्याच बाकावर होतो. दोन थांबे कोलमन ओठ मिटून बसला. तिसऱ्या थांब्यावर एक आजी उतरता उतरता ड्रायव्हरला म्हणाल्या, “थँक्यू रे बाळा!”

“जपून जा हं, आजी!” आमच्या कोलमनने बसल्या जागेवरून खणखणीत उत्तर दिलं.

सगळी बस वळून बघायला लागली. ब्रीज मात्र खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणाली, “भांड्यांचा साबण संपलाय. उतरल्यावर घे.”