जनावराला सुरी दाखवत नाहीत

गावचं मुलानीपण आमच्या घराकडं. कुणाची पिराच्या नवसाची कंदुरी असो, कुणाकडं जावई येवो, बोकड हलाल करायला बोलावणं अब्बांनाच. गावात मुसलमानांची घरं चार, म्हणजे अब्बांच्या हातचं खाणारे बहुतेक सगळे हिंदूच.

धाकट्या भावाची पोलीस भरती दुसऱ्यांदा हुकली आणि तो मोबाईलात शिरला. तिथं त्याला दूरदेशीचे, तोंड बांधलेले सेनापती भेटले. महिन्याभरात तो आम्हाला दीन, म्हणजे आमचाच धर्म, शिकवायला लागला. कंदुरी हराम, हिंदूंसाठी कापणं हराम, अम्मीची टीव्हीवरची मालिका तर डबल हराम. याला पहाटे फजरच्या नमाजाला उठवायचं तर अम्मीला तोंडावर तांब्याभर पाणी ओतावं लागे, ती गोष्ट वेगळी.

एकदा जेवताना त्यानं जाहीर केलं, "मी तिकडं जाऊन राह्यलो. लढाले."

अम्मीनं तव्यावरची भाकर उलटवली. "नांदुऱ्याहून थेट गाडी हाय, का भुसावळले बदलवा लागते?"

"अन् तिथं तुले वरणावर तेल कोण वाढीन बे?" मी म्हणालो. पोट धरून हसलो आम्ही. आमच्यात या जिहादी टोळ्यांचं नाव निघालं की असंच हसतात. यांनी मारलेल्यांत निम्मे कलमा पढणारे मुसलमानच, आणि म्हणे आम्हाला वाचवायला निघालेत!

पण दुसऱ्या दिवशी त्याच्या उशीखाली पासपोर्टचा अर्ज भरल्याची पावती निघाली, आणि माझं हसू आटलं. मी भ्यालो, सरळ सांगतो. हे सेनापती स्वतःच्या पोरांना घरी ठेवतात आणि भरतीत नापास झालेल्या आमच्या पोरांना जन्नतची नोकरी देतात. असा एक मूर्ख गेला की मागं त्याच्या आईला जन्मभर चावडीवर उत्तरं देत बसावं लागतं.

अब्बांनी पावती बघितली. ओरडले नाहीत. म्हणाले, "तुह्या सायबाचा व्हिडिओ दाखव."

भाऊ खुलला. पडद्यावर एक गडी लांब सुरा नाचवत ओरडत होता आणि त्याच्या पुढ्यात एका माणसाला गुडघ्यांवर बसवलेलं होतं. अब्बांनी पुढचं बघितलंच नाही. मोबाईल पालथा ठेवला.

"याले कोणं शिकवलं? जनावराले सुरी दाखवत नाहीत. धार त्याच्या माघारी लावतात, आधी पाणी पाजतात, एकासमोर दुसरं कापत नाहीत. हा तर माणसाले दाखवून राह्यला! अन् तोंड काऊन बांधलं? चाळीस वर्सं झाले, मी कधी तोंड बांधून गेलो का कोणाच्या दारी?"

भावानं मोबाईल उचलून खिशात घातला. त्याला पटलं नव्हतं.

गुरुवारी पाटलांकडं कंदुरी होती. अब्बांनी आम्हा दोघांनाही नेलं. बोकडाला पाणी पाजलं, पश्चिमेला, किब्ल्याकडं तोंड करून आडवं केलं, आणि अब्बांनी बोकडाला दिसू न देता पाठीमागून सुरी भावाच्या हातात दिली. "बिस्मिल्ला म्हण."

भावानं बोकडाच्या मानेवर हात ठेवला. खाली ऊब लागली असेल, धडधड लागली असेल. दुनिया फत्ते करायला निघालेला आमचा गाजी मटकन शेणात बसला.

"चाचा," पाटील म्हणाले, "बोकड ठीक हाय, आधी याले पाणी पाजा."

मी फिदीफिदी हसलो. अब्बा हसले नाहीत. सुरी घेतली, काम उरकलं, हात धुतले.

घरी येताना भावानं खाली बघतच विचारलं, "अब्बा, तुमाले काही वाटत नाही?"

"वाटते न. दर खेपेले काळीज हालते. ज्या दिवशी हालणार नाही, त्या दिवशी मी सुरी ठिवून देईन."

भाऊ थांबला.

"त्या व्हिडिओत, अब्बा, कापल्यावर थे सारे हासत होते," तो म्हणाला, आणि भर रस्त्यात रडायला लागला.