गुरुवारी आबांना उठवणारा माणूस

उस्मानभाईंनी माझे वडील, आबा, मला शोधून दिले आणि पुढं ते सांभाळलेही. त्यांच्या बायकोनं, जुबेदाभाभींनी, आबांना सख्ख्या सासऱ्यासारखं जेवू घातलं. हे आधीच लिहून टाकतो. मी नववीतून शाळा सोडलेला माणूस. लिहिता लिहिता भरकटेन आणि नेमकं हेच राहून जाईल, अशी धास्ती वाटते. उस्मानभाई गेल्या महिन्यात गेले. दुसऱ्या पाळीला मशीन बंद करून डबा उघडला आणि बाकावरच कलंडले. मी पहिली पाळी करून घरी आलो होतो. त्यांचा मेहुणा सायकल हाणत दारात आला, "भाऊ, चला" म्हणाला आणि सायकल तशीच वळवली. मी चपला घालायला वाकलो तर आबांनी आतून विचारलं, "उस्मान आला का?" मी "आलोच" एवढंच म्हणालो आणि बाहेर पडलो. त्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेलं नाही...

आमचं गाव मराठवाड्यात, रेल्वेपासूनही लांब. आईला देवाधर्माची फार हौस. जत्रा असो की साधं देऊळ, ती आत दर्शनाला जायची आणि आबा बाहेर तिच्या चपला राखत बसायचे. "मला गर्दी सोसत न्हाई, माझंबी दर्शन तूच घेऊन ये," म्हणायचे. आई गेली आणि आबांच्या डोक्यातलं काहीतरी हललं. तेराव्यानंतर एका सकाळी ते घरात नव्हते. विहिरी पाहिल्या, पाहुण्यांकडं पाहिलं. बऱ्याच दिवसांनी गावातला एक ट्रकवाला सांगत आला की पुण्यात एका देवळाबाहेर म्हाताऱ्याला बसलेलं पाहिलं, हाक मारेपर्यंत ट्रक पुढं गेला होता. कोणतं देऊळ, ते त्याला सांगता येईना. मी दप्तर खुंटीला अडकवलं आणि निघालो. गावच्या एकाच्या ओळखीनं चिंचवडच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो, आकुर्डीत खोली घेतली. पुण्यात देवळं किती असतील, याची तेव्हा मला कल्पनाच नव्हती.

उस्मानभाई ग्राइंडिंगवर होते. मूळचे निघोज्याचे, राहायला पिंपरीत. चौथ्या-पाचव्या दिवशीच त्यांनी मला मशीनपासून बाजूला ओढलं. "काय रं, हात हितं आन् ध्यान कुठं? बोट जाईल की!" मी रडतच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाले, "पुणं काय लांब हाय व्हय? गुरुवारी जाऊ."

आमच्या पट्ट्यात गुरुवारी वीज बंद, म्हणून सुट्टीही गुरुवारची. सगळं पुणं कामावर असताना आम्ही मोकळे. लोणावळ्याकडून येणारी लोकल धरायची, शिवाजीनगरला उतरायचं आणि चालत सुटायचं. कसबा, जोगेश्वरी, ओंकारेश्वर, पर्वती, पेठांमधले मारुती. मी पायऱ्यांवरचे चेहरे पाहायचो, सभामंडपात डोकावायचो, मागच्या दारानं बाहेर पडायचो. एका जागी पाय ठरायचा नाही; आपण इकडं असताना आबा तिकडं असतील, असंच सारखं वाटायचं. उस्मानभाई मागून ओरडायचे, "आरं भावा, आलाच हाईस तर देवाला हात तरी जोड! त्यो काय म्हनंल, पोलीस आला का काय?"

पावसाळा गेला, दिवाळी गेली, आबा काही दिसेनात. एकदा ओंकारेश्वरापाशी एका फुलवालीनं आम्हाला हटकलं. "तुम्ही दोघं दर गुरुवारी येता, कुणाला शोधता?" मी सांगितलं. ती हसायलाच लागली. "अहो, गुरुवारी इथं कोण बसणार? सोमवारी येऊन बघा, ओटा पुरत नाही. बसणाऱ्यांचे वार असतात, भाऊ. सोमवारी महादेव, मंगळवारी गणपती, शनिवारी मारुती. गुरुवारी सगळे दर्ग्यावर, तिथं मलिदा वाटतात."

उस्मानभाईंनी कपाळावर हात मारला. "म्हंजे इतके दिवस आपन देवांच्या सुट्टीला हजेरी लावतूय!"

दर्ग्याचं नाव आम्हा दोघांपैकी कुणीच काढलं नव्हतं. आबा माळकरी, ते तिथं कशाला जातील, असं मी धरून चाललो होतो. आणि उस्मानभाई? मागाहून म्हणाले, "आमी कसं म्हनावं? तुला वाटलं असतं, ह्यो आपल्या दारात वढतोय." एकमेकांना जपता जपता आम्ही सगळा पावसाळा घालवला होता.

त्याच संध्याकाळी आबा सापडले. नदीजवळच्या दर्ग्याच्या पायऱ्यांवर, ऊदाच्या धुरात, गळ्यात तुळशीची माळ, हातात मलिद्याचा द्रोण. दाढी छातीपर्यंत आली होती. मी पायांवर पडलो. त्यांनी ओळखलं, पण काल भेटल्यासारखं. "बस. तुझी आई आत गेलीया. येईल आता." शेजारी आईच्या जुन्या चपला नीट जुळवून ठेवल्या होत्या. मी म्हणालो, आबा, चला. ते हलेनात. "तिला टाकून कसं यावं?" मी हात धरला तर ओरडायला लागले, माणसं जमली. तेव्हा उस्मानभाई त्यांच्याजवळ उकिडवे बसले. "काका, हितं बायकांना पलीकडच्या दारानं सोडत्यात. काकी कवाच भायेर पडल्या असतील. चला, स्टेशनाकडं बघू." आबांनी त्यांच्याकडं निरखून पाहिलं, चपला काखेत मारल्या आणि मुकाट्यानं उठले.

घरी आणलं तरी दर गुरुवारी आबांना त्या दर्ग्यावर न्यावंच लागे. कोंडलं की ते भिंतीवर डोकं आपटायचे. उस्मानभाईंनी आमच्या शेजारची खोली घेतली आणि साहेबांना सांगून आमच्या पाळ्या उलट्या करून घेतल्या, म्हणजे एक जण कायम आबांजवळ. आमची गाठ पडायची ती पाळी बदलताना गेटवर; तेवढा वेळ आबांकडं भाभी बघायच्या. "आबा जेवले. आज मला रामभाऊ म्हनले." "आबा निजलेत. हळू जा." एवढंच बोलणं. गुरुवारी मात्र तिघं मिळून पुण्याला. आबा पायरीवर बसायचे, दिवेलागणीला उस्मानभाई जवळ जाऊन काहीतरी सांगायचे आणि आबा उठायचे. माझ्या सांगण्यावरून ते एकदाही उठले नाहीत. आणि दर गुरुवारी उस्मानभाईंची सबब नवी. कधी काकी ओळखीची बाई भेटली म्हणून पुढं गेल्या, कधी पाय दुखतात म्हणून टांग्यानं गेल्या. "हे तुम्हाला सुचतं कुठून?" मी विचारलं की मिशीत हसायचे. बरीच वर्षं असंच चाललं.

उस्मानभाई गेल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी आबा सकाळीच अंघोळ करून, टोपी घालून दारात बसले. मी एकटाच घेऊन गेलो. संध्याकाळ झाली. आई पुढं गेली, असं मी सांगायला गेलो, तर आबांनी मान फिरवली. "उस्मानला येऊ दे." दुकानं बंद झाली तरी ते उठेनात. शेवटी दर्ग्यातल्या दोघांच्या मदतीनं उचलून रिक्षात घातलं. वाटभर ते ओरडत होते आणि मला कळत नव्हतं की हे दर आठवड्याला कसं निभावायचं... की त्यांना घरातच बांधून ठेवायचं.

पुढच्या बुधवारी न राहवून भाभींच्या दारात गेलो. त्या नवऱ्यामागच्या इद्दतीत बसलेल्या, चार महिने दहा दिवस बाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. पडद्याआडूनच मी सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "भाऊ, त्ये काय तिथं सुचायचं न्हाई त्यांना. बुधवारी राती मला इचारायचे, उद्या काय सांगू गं? मी भाकरी थापता थापता सांगायची." उद्याचंही त्यांनीच सांगितलं. "उद्या सांगा, उस्मान म्होरं जाऊन गाडीत जागा धरून बसलाय."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी आबांजवळ उकिडवा बसलो आणि तसंच सांगितलं. आबा लगेच उठले. "मग चल की! त्याला ताटकळत ठिवू नको." लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली. आबा खिडकीशी बसले नाहीत. ती जागा मोकळी ठेवून अलीकडं बसले. खडकीला एक माणूस तिथं टेकायला लागला तर म्हणाले, "आमचा माणूस हाय तिथं." त्या माणसानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. तो उभा राहिला, थेट आकुर्डीपर्यंत.

आता दर बुधवारी मी पडद्यापाशी जातो, उद्याचं विचारून घेतो. भाभी, तुमची इद्दत सुटली की तुम्हाला जिथं जायचं असेल तिथं मी नेईन. तुम्ही आत गेलात तर बाहेर चपला राखत बसेन, कितीही वेळ लागो. एवढ्यानं फिटणार नाही, हे मला कळतं. पण फेडीन.