स्टिअरिंगवरचा हात

जळकोटच्या हायवेला माझं टायरचं दुकान आहे. रोज समोरून जाणारा एक बागायतदार गाडी कितीही पळवत असला, तरी कडेला दिसेल त्याला स्टिअरिंगवरचा हात उचलून राम राम घालतो. न घातला तर लोक माजला म्हणतात, ही त्याला भीती.

मागं तो हौसेनं रेसच्या ट्रॅकवर भाड्याची स्पोर्ट्स कार चालवायला गेला. वळणावर एक जण पिवळं निशाण हलवत होता, पुढं धोका आहे म्हणून. यानं सवयीनं हात उचलला, वर हसून मानही हलवली. गाडी गर्रकन फिरली आणि कडेला रचलेल्या टायरांत घुसली.

परत आला तो हात गळ्यात बांधूनच. दुकानात बसून म्हणाला, "अण्णा, एवढ्या लांब एक माणूस आपल्याला हात करतोय. वळख न दाखवता कसं जावं?"

"मग शिकलास काय?"

"स्टिअरिंगवरचा हात कवाच सोडायचा न्हाय."

शब्दाचा पक्का माणूस. आता दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट असतात. राम राम तो तोंडानं घालतो, उघड्या काचेतून, मान पार मागं वळवून, आणि आपण उत्तर देईपर्यंत रस्त्याकडं बघत नाही.

म्हणून त्याची गाडी लांबून दिसली की मी टायरांच्या आड बसतो. त्याचा जीव वाचतो. गावात मात्र बोलतात, टायरवाला लई माजलाय.