बहाण्याचा अँप्लिफायर

आमच्या शहरातल्या पडाव भागात, गॅरेजांच्या रांगेत एक रेडिओ दुरुस्त करणारा बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याने मात्र मला सगळं विचारलं. डॉक्टर आधी जीभ बघतो, तसा तो खोकं उघडण्याआधी विचारायचा, "बोलता कोणाशी?"

मी हौशी रेडिओवाला. चाळीस मीटर बँडचा माझा अँप्लिफायर, म्हणजे आवाज लांब पोचवणारं खोकं, मला वीस मीटरवर चालणारा करून हवा होता. "परदेशात बोलायचंय," मी म्हणालो.

"आणि चाळीसवर कोण आहे?"

"दादा. नागपूरला."

"भांडलात?"

मी खोकं त्याच्यापुढे सरकवलं. खरं आज लिहितो. वहिनी वारली तेव्हा मी नागपूरला गेलो नाही, कामाचं निमित्त सांगितलं. तरी दादा रोज सकाळी सातला रेडिओवर हाक मारायचा. मी ऐकायचो आणि गप्प बसायचो. अँप्लिफायरच बदलला की 'माझा आवाज पोचत नाही' म्हणायला मी मोकळा.

तो लाटण्याच्या तुकड्यावर जाड तार गुंडाळत, मोठ्याने वेढे मोजत राहिला.

आठवड्याने खोकं परत मिळालं. पुढे एक नवा स्विच होता.

"जुनी कॉइल काढली नाही, भाईसाब. दोन्ही बँड चालतील. बहाना बनाना है तो दूसरा ढूँढो, बेचारी मशीन को मत फँसाओ!"

दुसऱ्या दिवशी सातला मी स्विच चाळीसवर फिरवला. "दादा," एवढंच म्हणालो.

"अरे! मशीन दुरुस्त झालं वाटतं?"

"मशीन चांगलंच होतं, दादा."