सगळ्या घराची एकच डाक

आमच्या घरात डाक सासरेच उघडायचे. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो. देवळीला आमचं कृषी केंद्र, पुढे दुकान आणि मागे घर. पोस्टमन जे काही आणेल ते आधी मामाजींच्या गादीवर. लग्नपत्रिका असो, विम्याचा कागद असो, की माझ्या आईचं पवनारहून आलेलं पत्र असो, ते चष्मा लावून कात्रीने कड कापणार, सगळं वाचणार आणि मग ज्याचं त्याला हाक मारून देणार. "तुया मायचे गुडघे दुखून राह्यले म्हणते," हे आधी, आणि मग पत्र हातात. अशी चीड यायची! पण सांगता कोणाला? घरात कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

बरं, मी तरी गप्प बसावं की नाही? पण हौस दांडगी. वर्ध्याहून कॉम्प्युटरची पदवी घेऊन आलेली सून ना मी! दुकानात ब्रॉडबँड आलं, बियाण्याच्या कंपन्या भावबिव मेलवर पाठवायला लागल्या, तेव्हा मामाजी सहज म्हणाले, "आपली डाक दुसऱ्याच्या घरी काऊन ठेवाची? आपल्याच दुकानात ठेव." झालं, मी कंबर कसली. इंटरनेटवर दुकानाच्या नावाचा पत्ता घेतला, एक जुना कॉम्प्युटर काउंटरखाली ठेवून इन्व्हर्टरला जोडला आणि महिनाभर डोकेफोड करून त्याचाच मेल सर्व्हर केला. कुठून कुठून निघालेली मेल थेट आमच्या युरियाच्या पोत्यांजवळ येऊन पडायची. प्रत्येकाला वेगळा डबा काढून देते म्हटलं, तर मामाजी म्हणाले, "घर एक हाये तं डबा एकच." मी मान डोलावली. तेव्हा तोऱ्यात होते, काही खटकलंच नाही.

रोज सकाळी अगरबत्ती लावून झाली की ते कॉम्प्युटरपुढे बसायचे. जाड अक्षरातली मेल म्हणजे न वाचलेली, हे मी त्यांना शिकवलं होतं. ते तेवढ्याच उघडत, छापून घेत आणि हाक मारून कागद वाटत. बारीक अक्षरातल्यांकडे ढुंकूनही बघत नसत. उत्तर कसं पाठवायचं तेही मीच शिकवलं. एका बोटाने टाइप करायचे, सगळी मोठी इंग्रजी अक्षरं.

दोन हजार सालानंतरची आठ-नऊ वर्षं झाली असतील. वर्ध्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची जागा निघाली. नवऱ्याला विचारलं, तर म्हणाले, "भरून टाक, पाहू मंग." मी अर्ज भरला आणि पत्ता दिला आमचाच. स्वतःच्या सर्व्हरवरचा पत्ता बघून छाप पडेल, असं वाटलं होतं. कपाळ माझं! अर्ज गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला की बोलावणं आलं तर तेही मामाजीच उघडणार.

मला ती नोकरी हवीच होती. सकाळच्या बसमध्ये बसून कुठेतरी जायचं आणि तिथे कोणीतरी मॅडम म्हणायचं, एवढ्यासाठीसुद्धा हवी होती. लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि स्वयंपाकघरातून दुकानात आणि दुकानातून स्वयंपाकघरात, एवढाच माझा प्रवास. जीव गुदमरत होता नुसता.

नवऱ्याने नागपूरहून स्मार्टफोन आणला होता. दुपारी जेवून ते आडवे झाले की फोन उशाशी. तो हळूच उचलून मी त्यात दुकानाची मेल बसवली. जोडताना दर वेळी तो विचारायचा, या सर्व्हरची ओळख पटत नाही, विश्वास ठेवायचा का? अव माय, माझाच सर्व्हर, मीच बसवलेला, भिंतीपलीकडे तर आहे! हो म्हणायचं आणि फोनवर ते चक्र गोल फिरत राहायचं. नवऱ्याने कूस बदलली की फोन पदराखाली.

चौथ्या दुपारी बोलावणं आलं. पुढच्या गुरुवारी अकरा वाजता मुलाखत. मी उघडलं आणि त्याची अक्षरं बारीक झाली. दुसऱ्या सकाळी मामाजींनी ते पाहिलंच नाही. दिवसभर मी उड्या मारायची बाकी होते.

मग उमगलं की पत्र लपवलं खरं, पण गुरुवारी जाणार कशी? न विचारता दुकानाची पायरी उतरायची सोय नव्हती. विचारावं, तर पत्र आलं कुठून ते सांगा. नवरा "बाबाले इचार" म्हणून मोकळा होणार आणि वर फोनही काढून घेणार. या घरात मामाजींच्या हातून आलेलं पत्र तेवढंच खरं. दोन दिवस घुसमटून शेवटी मीच त्या मेलवर 'न वाचलेली' अशी खूण केली आणि ती पुन्हा जाड केली. म्हटलं, वाचू दे, छापू दे, चारचौघांत हाक मारून देऊ दे. मग नाही कसं म्हणतील?

सकाळी प्रिंटर वाजला. मी कणकेचे हात घेऊन पडद्याशी उभी राहिले. बियाण्याचे भाव नवऱ्याला मिळाले. खताच्या गाडीचा कागदही त्यांनाच. मला हाक आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. मामाजींनी नेहमीसारखा चहा मागितला, मी नेऊन दिला.

त्या दुपारी फोनवर 'पाठवलेल्या मेल'चा कप्पा उघडला. सगळी मोठी अक्षरं. आभारी आहे, सध्या येणे शक्य नाही. खाली माझं नाव, सासरच्या आडनावासकट.

तिथेच बसून कॉलेजला लिहिलं की आधीची मेल मी लिहिलेली नाही, मी येणार आहे. लिहितानाच कळत होतं, पत्ता तोच आणि नावही तेच, त्यांनी कोणतं खरं मानावं? दुसऱ्या दुपारी उत्तर आलं. एकाच पत्त्यावरून दोन उलट निरोप मिळाल्याने आपल्या जागी दुसऱ्या उमेदवारास बोलावले आहे. पुढच्या वेळी घरी नक्की ठरवून अर्ज करावा. इतकं सभ्य होतं, की भांडायलाही जागा नव्हती.

मी फोन हातात घेऊन तशीच दुकानात गेले. सीझनचे दिवस, गिऱ्हाईक समोर उभं. मला कसलीच पर्वा नव्हती.

"मामाजी, कॉलेजले माझ्या नावानं उत्तर तुम्ही देल्लं?"

वाटलं, चिडतील, फोनचं विचारतील, निदान नजर तरी चोरतील. त्यांनी हातातली पावती पूर्ण लिहिली, गिऱ्हाईकाला दिली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"हो, मीच देल्लं. तू गेली तं हे मशीन कोण पाहीन?"

"मंग मले इचाराचं तरी!"

"तुले इचारलं असतं तं तू जातो म्हणली असती," मामाजी म्हणाले, अगदी मायेनं. "म्हणून तं नाई इचारलं."