धूळ नसलेल्या ट्रेलरचा कप

"मिस्टर परकार, बूट बाहेर," मेजर पेलहॅम म्हणाले.

मी स्वयंपाकाच्या ट्रेलरच्या पायरीवर एक पाय ठेवला होता. भोवती दुबईतली एक पत्र्याची शेड. जमिनीवर लाकडाचा भुसा, वाकडे खिळे, ग्रीसचे डाग. मेजरसाहेब या शेडला फॅक्टरी म्हणत. चाकं आणि सांगाडा इंग्लंडहून जहाजाने यायचा, इथे त्यावर भिंती आणि छप्पर चढवायचं. जोडणीचं वर्कशॉप म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण वर्कशॉपला मेजर शोभत नाही. हे गृहस्थ कुठल्या पलटणीत मेजर होते ते कुणालाच माहीत नव्हतं. मिशी मात्र सगळ्यांना माहीत होती.

मी बूट काढले. मोज्यांवर इन्स्पेक्शन करण्याची ही पहिलीच वेळ.

साठच्या दशकाची अखेर होती. अमिरातींचा देश अजून व्हायचा होता. मी रत्नागिरीकडचा, मुंबईत मेकॅनिकलचा डिप्लोमा करून एका ब्रिटिश कॉन्ट्रॅक्टरकडे मटेरियल इन्स्पेक्टर म्हणून लागलो होतो. काम सांगायला सोपं. कंपनी जे विकत घेईल ते आधी मी बघायचं आणि ठीक असेल तर सही करायची. सही झाली की माल आमचा, मालातली खोटही आमची. या खेपेचा माल म्हणजे अबुधाबीच्या वाळवंटातल्या आमच्या कॅम्पसाठी ट्रेलर. ट्रेलर म्हणजे गाडीमागे जोडून ओढत न्यायची चाकांवरची खोली. कॅम्पातली माणसं तेव्हा तंबूत राहत होती आणि जून तोंडावर आला होता.

ट्रेलरच्या अर्ध्या भागात स्वयंपाकघर होतं, अर्ध्या भागात स्वयंपाक्याचा बिछाना. त्या बिछान्यावर आमच्या कॅम्पचे कुक उस्मानचाचा आधीच आडवे झाले होते. श्रीवर्धनचे. मसाल्याची खरेदी करायला म्हणून माझ्याबरोबर आले होते, आणि एसी लावून पडले होते.

"परकार, जन्नत आहे रे ही," ते डोळे मिटून म्हणाले. "सही कर, खलास. बघतोस काय आता?"

मी गुडघ्यावर बसून सिंकखालचं कपाट उघडलं. तिथे शेगडीचा गॅस सिलिंडर होता. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, पाण्यासारखा खाली साचतो. नाकापर्यंत यायच्या आधी पायाशी तळं झालेलं असतं. म्हणून अशा ट्रेलरच्या तळाला भोकं ठेवतात आणि त्यांवर जाळी बसवतात. गळलेला गॅस त्यातून खाली पडून वाऱ्यावर जातो. इथे भोकं होती, पण त्यांवर प्लायवूडचे तुकडे स्क्रूने बसवून वर छान क्रीम रंग दिला होता.

"हे कुणी बंद केलं?"

"मी करवून घेतलं," मेजर म्हणाले. आवाजात अभिमान होता. "खालून वाळू येते. आणि उद्या रॅली आहे."

रॅली म्हणजे काय ते सांगायला हवं. साहेब लोकांकडे स्वतःचे ट्रेलर असत, त्यांना ते कॅरॅव्हॅन म्हणत. अधूनमधून ते सगळे एका जागी ओढत न्यायचे, गोल करून उभे करायचे, मध्ये झेंडा लावायचा आणि एकमेकांकडे चहा प्यायचा. मग सर्वांत स्वच्छ कॅरॅव्हॅनला कप. परीक्षक पांढरा रुमाल घेऊन आत शिरे आणि कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवी. रुमाल मळला की बाद. मेजरसाहेबांना आमचा ट्रेलर या स्पर्धेत उतरवायचा होता, आणि कप मिळाला की तिथेच माझी सही घेऊन सगळे ट्रेलर कंपनीच्या ताब्यात द्यायचे होते.

"रॅली झाल्यावर भोकं उघडणार ना?"

"उघडायची कशाला? तुमच्या सगळ्या ट्रेलरना असंच केलंय. आता हे आमचं स्टँडर्ड."

मी आमच्या ऑफिसात जाऊन प्रोजेक्ट मॅनेजर हॅरिससाहेबांना सांगितलं.

"परकार, उद्या फोटोग्राफर येतोय," ते म्हणाले.

"भोकं उघडली की लगेच सही करतो, सर."

"माणसं तंबूत भाजताहेत तिकडे."

"तंबूत गॅस साचत नाही, सर."

हॅरिसनी समोरची फाइल मिटली. "मुंबईहून बोटी येत असतात," ते म्हणाले. "त्यांत इन्स्पेक्टरही असतात. उद्या पेन घेऊन ये."

रॅली जुमेराच्या किनाऱ्यावर होती. एका बाजूला समुद्र, बाकी सगळीकडे नजर पोचेल तिथवर वाळू, आणि मध्ये ही मंडळी वाळू नसल्याचं बक्षीस वाटायला जमलेली. मेमसाहेब केरसुणी घेऊन पायऱ्या झाडत होत्या. झाडलेली वाळू वाऱ्याबरोबर शेजारच्या कॅरॅव्हॅनमध्ये जात होती आणि शेजारीण ती परत पाठवत होती. पाहुणे म्हणून एक वयस्कर अरब व्यापारी आले होते. कप कशाबद्दल आहे असं त्यांनी दुभाष्याला विचारलं. त्याने सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मग चहूकडे एकदा नजर फिरवून ते इतके हसले की हातातली गाहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची, वाटी खाली ठेवावी लागली.

परीक्षक होत्या बँक मॅनेजरच्या पत्नी. आमच्या ट्रेलरमधून त्या रुमाल फडकावत बाहेर आल्या. पांढराशुभ्र. टाळ्या झाल्या, मेजरना कप मिळाला. मग झेंड्याखाली टेबल मांडलं गेलं आणि मला बोलावलं गेलं.

"यल्ला, मिस्टर परकार," मेजर म्हणाले. यल्ला म्हणजे चला; त्यांना येणाऱ्या अरबीतला हा निम्मा भाग.

मी म्हणालो, "एक ट्रायल राहिली आहे. स्वयंपाकघर चालवून बघितलं असं मला लिहून द्यायचंय."

"मग बघा की चालवून!"

"मला वाटतं तुम्हीच दाखवावं. कॅम्पात असेल तसं. दार बंद, खिडक्या बंद, एसी चालू. गॅसची चावी उघडा, पण पेटवू नका. बिछान्यावर जरा पडा. मग उठून काडी ओढा. आम्ही बाहेर थांबतो."

मी खिशातली आगपेटी काढून कपाशेजारी ठेवली.

बँक मॅनेजरच्या पत्नींना त्यातलं काही कळलं नव्हतं. त्या उत्साहाने म्हणाल्या, "किती मजेशीर! करा ना, मेजर."

मेजरांची मिशी थरथरली. "मूर्खपणा आहे हा. ट्रेलर उडेल!"

"थँक यू," मी म्हणालो. "हेच मला लिहायचं होतं."

फोटोग्राफरने हॅरिसना विचारलं, फोटो काढू का? हॅरिसनी माझ्या हातातलं पेन घेतलं, स्वतःच्या खिशाला लावलं आणि म्हणाले, "नको."

परतताना लँड रोव्हरमध्ये उस्मानचाचा माझ्यावर उखडले. "चारचौघांत माझी इज्जत काढलीस. मी काय चावी उघडी ठेवून झोपणारा माणूस आहे?"

"तुम्ही नाही हो, चाचा. पण रबरी नळी चिरते."

"नळी नवीन आहे."

"आज आहे."

"आणि माझा एसी?"

भोकं उघडून जाळ्या बसवेपर्यंत जून संपत आला. तोवर माणसं तंबूतच राहिली, आणि मला कॅम्पात कुणी चहा विचारत नव्हतं. हॅरिसनी बोटीवरून दुसरा इन्स्पेक्टर उतरवला नाही. शाबासकीही दिली नाही. मेजरांनी कप आपल्या ऑफिसच्या खिडकीत ठेवला. त्यावर धूळ बसे.

ट्रेलर आले. जाळीतून वाळूही आली. मी कॅम्पला गेलो की चाचा माझ्यापुढे डाळ वाढत आणि म्हणत, "खा. तुझीच भोकं आहेत."

पुढच्या उन्हाळ्यात ती नळी चिरली. पहाटे चाचा नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूसाठी, बाहेर पडले तर ट्रेलरखालून गॅसचा वास येत होता. त्यांनी आत जाऊन सिलिंडर बंद केला, दार-खिडक्या सताड उघडल्या, नळी बदलली, नाश्ता वेळेवर दिला. मला ही हकिकत त्यांनीच सांगितली, रंगवून.

"नाक तेज आहे माझं, म्हणून वाचलो," ते म्हणाले आणि डाळ वाढली. दाताखाली कचकच झाली. ते माझ्याकडे बघतच होते.

इन्स्पेक्टरच्या नोकरीत श्रेय नाकाला जातं, वाळू आपल्या नावावर राहते. हे धरून चालणाऱ्यानेच ही नोकरी करावी.