चुन्यातला गूळ

नगरपालिकेची जुनी इमारत पाडायची की राखायची, हा विषय सभेपुढे तीन वेळा आला आणि तिन्ही वेळा पुढे ढकलला गेला. बहात्तरच्या दुष्काळातली ही गोष्ट. मी तेव्हा नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दैनिकाचा वार्ताहर होतो. सभेत पत्रकारांसाठी एक बाक ठेवलेला असे आणि त्यावर बहुतेक वेळा मी एकटाच बसत असे.

इमारत इंग्रजी अमदानीतली. काळ्या दगडाचं जोतं, चुन्यात बांधलेल्या विटांच्या जाड भिंती, सागवानी तुळया, पूर्वेला लांब ओसरी. आधी तिथे कापसाचा बाजार भरे. पालिका नंतर आली. सभागृहात वैशाखातही गारवा असायचा. वीज गेली तर दारं उघडून सभा पुढे चालू. आता तिथे खोटं छत आहे, पंखे आहेत आणि उकडतं. त्या वर्षी मात्र ओसरीकडच्या भिंतीचा गिलावा फुगला होता, हात लावला की गळत होता. ओव्हरसियरचं मत स्वच्छ होतं: इमारत पाडा, सिमेंटची नवी बांधा.

याला विरोध केला तो एका म्हाताऱ्या गवंड्याने. गाव त्यांना मिस्त्री म्हणे. सिमेंट आल्यापासून त्यांच्या हातचं काम सुटलं होतं. ते सभेत उभे राहिले आणि एवढंच म्हणाले की भिंत ठणठणीत आहे, मेला आहे तो गिलावा. त्यावर बरीच बोलाचाली झाली. शेवटी ठरलं की मिस्त्रींनी पूर्वेची भिंत चुन्याने करून दाखवावी. गुढीपाडवा झाला की समिती पाहणी करील. गिलावा टिकला तर इमारत राहील, नाही तर पाडण्याचा ठराव होईल.

मागच्या अंगणात चुन्याची घाणी पुन्हा सुरू झाली. गोल चरात चुना आणि वाळू टाकायची आणि त्यावरून दगडी चाक फिरवायचं. एरवी चाक बैल ओढतो. त्या साली बैल चारा-छावणीत होते. पाथर्डीच्या बाजूने कामाला आलेल्या सात बायका ते चाक ढकलत. त्याआधी त्या रस्त्याच्या कामावर उन्हात खडी फोडत होत्या. इथे निदान कडुनिंबाची सावली होती. चाकाखाली वाळू करकरायची, आणि तो आवाज आत सभागृहापर्यंत येई. कोपऱ्यात एक काहील होती. अकोल्याकडून आलेला हिरडा आणि कोल्हारचा गूळ तिच्यात रात्रभर भिजत घालायचा आणि सकाळी ते पाणी चुन्यात ओतायचं, म्हणजे चुना भिंतीला घट्ट धरतो. हिरड्याचा तो तुरट, ओला वास मला पुढे कुठेच भेटला नाही.

गावाला या गुळाची मोठी मौज वाटे. माणसांना रेशनचा लाल मिलो आणि भिंतीला गूळ, असं चहाच्या दुकानात रोज कोणी तरी म्हणायचं.

पाहणीला आठ दिवस राहिले असताना मी सकाळी अंगणात गेलो, तेव्हा मिस्त्री काहिलीपाशी उकिडवे बसले होते. भिंत जवळजवळ पुरी झाली होती.

"मुंग्या कुठं गेल्या?" त्यांनी विचारलं.

त्यांनी काहिलीच्या काठावरून बोट फिरवलं.

"चार दिस झालं, काहिलीला मुंगी न्हाई. गूळ असल्यावर मुंगी सुट्टी घेती व्हय?"

एक तरणी बाई तोंडाला पदर लावून हसली. त्या सातांत जी वयाने मोठी होती, तिला सगळे मावशी म्हणत. रोज गूळ तिच्याच हाती दिला जाई. तिने हात लुगड्याला पुसले.

"गूळ दावला हुता की चुन्याला," ती म्हणाली. "निवद दावतो तसा. मग पोरांना वाटला. आमाला वाटलं, तुमच्या कामाची रीत हाय. देव तरी कुटं खातो?"

मिस्त्री हसू लागले आणि मधेच थांबले. कुठपासून, असं त्यांनी विचारलं. खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत, मावशीने हाताने दाखवलं. मग तिने स्वतःहून सांगितलं की पोरं दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीला कंटाळली होती, आणि भिंत काही उपाशी राहिली म्हणून रडत नाही.

"रडत न्हाई, मावशे. गळती," मिस्त्री म्हणाले. "ती गळली की ही इमारत पाडत्यात. मग मी घरी, आन तुमी परत खडीवर."

खिडकीपासूनचा गिलावा बाकीच्या भिंतीसारखाच दिसत होता. पावसाळ्याआधी त्यातला फरक कोणाच्या ध्यानात आला नसता, आणि पाहणी तर आठ दिवसांवर होती. मिस्त्रींनी छिन्नी-हातोडी घेतली आणि तो कोपऱ्यापासून उतरवायला सुरुवात केली. थोड्या वेळाने मावशीही आली. दुपारपर्यंत विटा उघड्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी पालिकेच्या कोठीवाल्याला सांगितलं की उन्हाळ्यात चुना जास्त गूळ पितो, आणि दुप्पट ढेकूळ आणलं. त्याचे दोन भाग केले. एक मावशीच्या देखत काहिलीत सोडला, दुसरा तिच्या पदरात टाकला. "ह्यो दावायचा न्हाई, टाकायचा. आन ह्यो दावायचा बी न्हाई, खायचा." ही बातमी होती. मी ती पाठवली नाही.

समिती आली तेव्हा नवा भाग ओलाच होता. ओव्हरसियरने खिशातली किल्ली काढून नेमकी तिथेच ओढली आणि गिलाव्याचा लगदा खाली पडला. पुन्हा का केलं, असं अध्यक्षांनी विचारलं. खांबाआडून मावशी पुढे झाली. मिस्त्रींनी तिच्याकडे न बघताच उत्तर दिलं.

"चुना मुरला नव्हता. माझी चूक."

अध्यक्ष बागायतदार होते. त्यांची स्वतःची विहीर चुन्यात बांधलेली होती. त्यांनी ओव्हरसियरकडून किल्ली घेतली आणि आधी केलेल्या, वाळलेल्या भागावर जोर लावून ओढली. नुसती एक पांढरी रेघ उमटली. महिन्याने परत बघू, ते म्हणाले. महिन्याने खिडकीपाशीही तशीच रेघ उमटली आणि पाडण्याचा विषय कामकाजातून गेला. माझ्या दैनिकात त्याच्या चार ओळी आल्या, आतल्या पानावर. बाकीच्या भिंती मिस्त्रींनी पुढच्या थंडीत केल्या. तोवर पाऊस होऊन बायका आपापल्या गावी परतल्या होत्या.

वर्षभराने एका बाजाराच्या दिवशी मी ओसरीवर होतो. भिंतीला नुकताच रंग दिला होता आणि शिपाई तिथे कोणाला टेकू देत नव्हता. खिडकीखाली एक बाई पाटी बाजूला ठेवून, पाठ टेकून बसली होती. ती मावशी होती. शिपाई तिच्यावर खेकसला. रंग निघेल, ऊठ म्हणाला.

ती हलली नाही. "टेकू दे, बाबा," ती म्हणाली. "दोनदा केलीया ही आमी."